शेपटीचा प्रश्न

आमच्या नायकाला शेपूट असावं की नसावं, यावर आमच्या घरात सव्वा वर्ष वाद चालला. तेवढ्या काळात माणसं लग्न जमवतात, करतात आणि क्वचित मोडूनही मोकळी होतात. आमचा वाद मात्र ज्या वस्तूवरून सुरू झाला तिच्यासारखाच लांबत गेला. आता अंक छापून झाला आहे, त्याचे गठ्ठे माझ्या पलंगाखाली आहेत, तरी सासूबाईंनी हार मानलेली नाही. हार मी मानली, पण ते पुढे येईल.

त्याचं असं झालं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कॉमिक काढायचं ठरवलं. निवृत्त माणसानं काय काय काढावं याचे आपल्याकडे संकेत आहेत. त्यानं भिशी काढावी, अष्टविनायकाची सहल काढावी, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या चुका काढाव्यात, फारच उमाळा आला तर स्वखर्चानं कवितासंग्रह काढावा. कॉमिक यात बसत नाही. पण माझी बाजू अशी, की मी आणि ‘इंद्रजाल कॉमिक्स’ एकाच वर्षी, १९६४ साली, जन्माला आलो. ते १९९० साली बंद पडलं आणि त्याच सुमारास मी बँकेत कायम झालो. दोघांच्याही आयुष्यातलं साहस एकदमच संपलं.

इंद्रजालमधला फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला होता. बिचारा कवटीच्या गुहेत राहून चाचांना ठोसे मारायचा, पण नावामुळे माझ्या आजीनं त्याला देवघरापासून चार हात लांब ठेवायचा दंडक घातला होता. अमावास्येला तर ते पुस्तक घरातच नको. मी ते घेऊन गच्चीत जायचो आणि आजी खालून रामरक्षा म्हणायची. चित्रकथेचं आणि देवादिकांचं आमच्या घरात पहिल्यापासून जमलेलं नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

माझा भाचा ॲनिमेशन शिकला आहे. सध्या तो एका औषध कंपनीसाठी हसऱ्या जठराची चित्रं काढतो. जठराला हसवून हसवून तो कंटाळला होता. माझा विचार ऐकल्यावर उडालाच. “मामा, इंडी करू. इंडी पल्प. साय-फाय. एप-मॅन!”

मला यातलं ‘करू’ एवढंच कळलं.

इंडी म्हणजे स्वतंत्र, असा खुलासा झाला. स्वतंत्र कॉमिक म्हणजे ज्याला कुठलाही प्रकाशक दारात उभं करत नाही ते. पुढचा शब्द मात्र आतपर्यंत ऐकू गेला. सासूबाई रत्नागिरीच्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पल्प काढताय होय? हापूसचा की पायरीचा? आणि डबे कोण सील करून देणार?”

त्यांना समजावून सांगितलं, की हा लगदा आंब्याचा नाही, लाकडाचा. अमेरिकेत फ्रँक मन्सी नावाच्या गृहस्थानं १८९६ साली ‘आर्गसी’ हे मासिक नुसत्या गोष्टींनी भरून लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापायला सुरुवात केली. पुढे तशी मासिकं ढिगानं निघाली आणि कागदाचं नाव गोष्टींना चिकटलं. “म्हणजे रद्दीच,” सासूबाई म्हणाल्या.

“रद्दी नंतर होते, आजी. आधी साहित्य असतं,” भाचा म्हणाला.

तसं पाहिलं तर आपल्याकडे लगद्याची परंपरा काही कमी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या मंडळींनी अर्ध्या महाराष्ट्राची दुपारची झोप उडवली. आमच्या वाचनालयातली ती पुस्तकं हाताळून हाताळून इतकी मऊ झालेली असत, की ती परत लगदा व्हायच्या वाटेवर आहेत असं वाटे. फक्त त्यांना ‘पल्प’ म्हणून भाव द्यायचं कुणाला सुचलं नाही. आपण त्यांना ‘असलं काहीतरी’ म्हणत होतो. परीक्षेच्या दिवसांत ‘असलं काहीतरी’ गादीखाली असे.

या धंद्याचा मूळपुरुष एडगर राइस बरोज. टारझनचा बाप. हा मनुष्य पस्तिशीपर्यंत एकामागून एक धंदे बुडवत आला होता आणि शेवटी पेन्सिलींना टोक काढायच्या यंत्रांचा घाऊक व्यापार करत होता. मासिकांतल्या जाहिराती तपासायचं काम त्याच्याकडे असे. तपासता तपासता तो शेजारच्या गोष्टी वाचू लागला आणि असलं रद्दड लिहून पैसे मिळत असतील तर ते आपल्यालाही लिहिता येईल, अशा निष्कर्षाला आला. मराठीतही पुष्कळ लेखक याच वाटेनं आले असावेत. ते तसं सांगत नाहीत, एवढंच.

त्याची पहिली कादंबरी मंगळावरची. ती १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली. असलं अचाट लिहिल्यावर लोक वेड्यात काढतील म्हणून त्यानं टोपणनाव घेतलं ‘नॉर्मल बीन’, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस. छापखान्यातल्या कुणाला ती चूक वाटली. त्यानं सुधारून ‘नॉर्मन बीन’ केलं. लेखकाचं डोकं ठिकाणावर असल्याचा एकमेव लेखी पुरावा असा खिळ्यांत हरवला. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, तीही टोपणनावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असा एक सज्जन गृहस्थ तयार केला आणि त्या गृहस्थानं पहिलं बक्षीस पटकावलं. जगतापांच्या नावाला कुणी हात लावला नाही. छापखान्यानं तो हात आमच्यासाठी राखून ठेवला होता.

त्याच १९१२ सालच्या ऑक्टोबरात ‘ऑल-स्टोरी’मध्ये टारझन अवतरला. बरोजला सातशे डॉलर मिळाले. आफ्रिका त्यानं जन्मात पाहिली नाही. त्यामुळे त्याच्या आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ होता, नाव सॅबोर. आफ्रिकेत वाघ नसतो, हे वाचकांनी दाखवून दिलं. मग १९१४ साली पुस्तक निघालं तेव्हा सॅबोरची सिंहीण झाली. वाघाची सिंहीण होऊ शकते हे वाचून मला केवढा धीर आला! कारण आमच्याकडे तोवर शेपूट निघालं होतं.

इंग्रजीत ‘मंकी’ वेगळं आणि ‘एप’ वेगळा. एपला शेपूट नसतं. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान, गिबन, सगळे बिनशेपटीचे. मराठीत लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. बिनशेपटीच्याला आपल्याकडे घरगुती शब्दच नाही, कारण तो आपल्याकडे कधी चिंचेवर येऊन बसला नाही. अख्ख्या भारतात एपच्या कुळातला प्राणी म्हणजे हुलॉक गिबन, तो राहतो तिकडे ईशान्येला. आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी अभयारण्य आहे. म्हणजे त्याला पत्ता आहे, पण मराठी नाव नाही.

भाच्यानं पहिलं चित्र काढलं. रुंद छाती, लांब हात, कपाळावर पुढे आलेलं हाड, मागची बाजू सपाट. सासूबाईंनी कागद उलटून पाहिला. शेपूट मागच्या पानावर गेलं असावं, अशी त्यांची समजूत झाली.

“शेपूट कुठाय?”

“आजी, तो एप-मॅन आहे. त्याला शेपूट नसतं.”

“शेपूट नाही? मग लंका कशानं जाळणार?”

“गोष्टीत लंका नाहीये.”

“नसली तर घाला. पानं बत्तीस आहेत ना?”

त्यांचंही चुकत नव्हतं. पुण्यात बसून वानररूपातला वीर नव्यानं निर्माण करायचा म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखं आहे. या गावात एकट्या मारुतीला जिलब्या, डुल्या, पत्र्या, सोन्या, खरकट्या आणि भिकारदास अशी नावं आहेत. मिठाईपासून छपरापर्यंत आणि सोन्यापासून खरकट्यापर्यंत एकही जागा मोकळी सोडलेली नाही. समर्थांनी अकरा मारुती स्थापले, त्यांतला एक बत्तीस शिराळ्याचा. आमचं कॉमिक बत्तीस पानांचं, हा योगायोग सासूबाईंनी भजनी मंडळात सांगितला आणि दुसऱ्या दिवसापासून बायका मला ‘कधी निघतंय मारुतीचं पुस्तक?’ असं विचारू लागल्या.

यान, परग्रह, अंतराळप्रवास यांनीही त्यांच्यावर परिणाम होईना. “जन्मल्या जन्मल्या सूर्याकडे उडी मारली होती त्यानं. तुमच्या यानात नवीन काय?” यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. विज्ञानकथेत नायकाला निदान पेट्रोल भरावं लागतं, हा फरक सांगण्यासारखा नव्हता.

गोष्ट मी रचली. सव्वा कोटी वर्षांपूर्वी शिवालिकच्या टेकड्यांत राहणाऱ्या एका ‘शिवापिथेकस’ला परग्रहावरचे लोक उचलून नेतात. त्यांचं यान कृष्णविवराच्या जवळून जातं, तिथे काळ हळू चालतो. याला चार वर्षं होतात तोवर पृथ्वीवर सव्वा कोटी वर्षं उलटलेली असतात. मग तो सुधारित मेंदू घेऊन परत येतो आणि भोरच्या घाटात उतरतो. काळ हळू कसा चालतो हे लिहिताना मला काही अडचण आली नाही. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढली होती. बाहेरच्या बाजूला उभे असणाऱ्यांना तर ते माझ्याहून चांगलं ठाऊक असेल.

भोरचा घाट का, असं भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, टारझन सगळीकडे जाऊन आला आहे. होमी वाडियांनी १९३७ साली ‘तूफानी टारझन’ काढला आणि जॉन कावसला झाडावर चढवलं. दारासिंगचा टारझन १९६५ साली दिल्लीला पोचला. इतक्या वर्षांत भोरला यावंसं कुणालाच वाटलं नाही. कुणीतरी सुरुवात करायला हवी.

शिवापिथेकस मी बनवलेला नाही हं. तो खरा आहे, म्हणजे त्याचे जबडे आणि दात खरे आहेत. शिवालिकमध्ये हे अवशेष मिळत गेले तेव्हा साहेबलोकांनी नावं ठेवताना आपलं अख्खं पुराण कामाला लावलं. १९१० साली पिलग्रिम यांनी शिवाचं नाव दिलं. १९३०च्या दशकात लुइस नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकानं ‘रामापिथेकस’, ‘सुग्रीवापिथेकस’ आणि ‘ब्रह्मापिथेकस’ अशी रांगच लावली. पुढे कित्येक वर्षं रामापिथेकसला माणसाचा पूर्वज म्हणून पाठ्यपुस्तकांत मान होता. मग जास्त हाडं सापडली आणि शास्त्रज्ञांचं मत पडलं की हे काही वेगळे नव्हेत, सगळे शिवापिथेकसच, आणि तो माणसाचा नव्हे, ओरांगउटानचा नातलग. राम, सुग्रीव आणि ब्रह्म असे तिघेही शेवटी शिवात विलीन झाले. अद्वैत सिद्ध व्हायला आपल्याकडे शतकं लागली. हाडांच्या अभ्यासकांनी ते पन्नासेक वर्षांत उरकलं.

सासूबाईंना मी ही हकीकत रंगवून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सुग्रीव सापडला म्हणता ना? मग शेपटीचं हाड नीट शोधलं नसेल त्यांनी.”

नायकाच्या भाषेचा प्रश्न त्याहून बिकट. टारझन आईबापांच्या खोपटातली पुस्तकं बघून बघून इंग्रजी वाचायला शिकला, तेही माणसाचा एक शब्द कानावर पडलेला नसताना. नंतर त्याला पहिल्यांदा बोलायला शिकवलं एका फ्रेंचानं, फ्रेंच. म्हणजे वाचायचं इंग्रजी आणि बोलायचं फ्रेंच. लोक याला हसतात. आमच्या सोसायटीतली मुलं वाचतात इंग्रजी, बोलतात हिंदी आणि मार खातात मराठीत, तेव्हा मला यात अशक्य काही वाटत नाही. पण आमचा नायक सव्वा कोटी वर्षांनी येणार आणि घाटात उतरणार. तिथे त्याला वाचायला काय मिळेल? बराच विचार करून मी त्याला एका बंद पडलेल्या चहाच्या टपरीत नेलं आणि तिथल्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ लटकवलं. सहाव्या पानापर्यंत तो मराठी शिकला.

याचे परिणाम मी गृहीत धरले नव्हते. तो जी भाषा शिकला तीच बोलू लागला. खलनायक यंत्रमानव समोर उभा, डोळ्यांतून लाल किरण सुटताहेत आणि आमचा नायक गरजतो, “थांब! राहुकाळ संपू दे!” नवव्या पानावर तो शत्रूला ‘आज संकष्टी, चंद्रोदयानंतर बघतो’ असं सांगून निघून जातो. शत्रूही मराठी असल्यामुळे थांबतो. महिन्याच्या मागच्या बाजूला जो मजकूर छापलेला असतो तोही त्यानं वाचल्यामुळे पंधराव्या पानावर जखमी नायिकेला धीर देताना तो तिला सुरळीच्या वड्यांची कृती सांगतो. भाचा म्हणाला, हा सगळ्यात चांगला प्रसंग आहे. मला शंका येते की तो माझी थट्टा करत होता.

चित्रांबद्दल म्हणाल तर आपल्याकडे म्हण आहे, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आमचं उलट झालं. करायला गेलो वानर आणि झाले आमचे साडू. तीच उतरती मान, तेच लग्नात आहेराकडे बघतानाचे डोळे. अंक पाहून साडूंनी ‘छान आहे, ओळखीचं वाटतं’ एवढाच अभिप्राय दिला. शिवाय अंगावरचे केस. एका चौकटीत चारपाचशे रेघा, पानात सहा चौकटी, पानं बत्तीस. तिसऱ्या पानावर भाच्याचं मनगट धरलं. चौथ्यापासून नायकाचे केस विरळ होत जातात आणि विसाव्या पानावर तो माझ्यासारखा दिसतो. हे विश्वकिरणांमुळे झालं, असं एक वाक्य मी एका फुग्यात घातलं. विज्ञानकथा लिहिण्याचा हा मोठा फायदा. सामाजिक कादंबरीत नायकाला असं टक्कल पडलं असतं तर प्रकरण लिहावं लागलं असतं.

१९२९ सालच्या ७ जानेवारीला अमेरिकन वर्तमानपत्रांत दोन चित्रमालिका एकाच दिवशी सुरू झाल्या. एक हॅल फॉस्टरनं चितारलेला टारझन. दुसरी बक रॉजर्स, पंचविसाव्या शतकात जागा झालेल्या माणसाची. एपांत वाढलेला आणि भविष्यात हरवलेला, असे हे दोघे वर्तमानपत्री चित्रकथेतले जुळे भाऊ. आम्ही त्यांना एकाच लंगोटात बसवायला निघालो होतो. फॉस्टरची ती चित्रं भाच्यानं मला दाखवली. झाडाच्या फांदीवर तोललेलं शरीर, प्रत्येक स्नायू जागच्या जागी. ती बघून आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग भाच्यानं फाइल बंद केली आणि आमच्या साडूंच्या दंडाला थोडा आकार दिला.

एका बाबतीत मात्र आम्ही अमेरिकेला मागे टाकलं. आवाज! इंग्रजीत ठोसा बसला की ‘पॉव’, फार तर ‘बॅम’. मराठीत आधी कोण कुणाला कशानं आणि कुठे मारतंय हे ठरवावं लागतं. थोबाडीत बसते ती फाडकन किंवा खाडकन. पाठीत बसतो तो धपकन. डोक्यात बसते ती टपली टपकन आणि काठी टाळकन. माणूस चिखलात पडतो बदकन, पाण्यात डुबुककन, गादीवर थपकन आणि फरशीवर धाडकन. काच खळ्ळकन फुटते, मडकं फटकन. तापलेल्या लोखंडावर पाणी चर्रर्र. यंत्रमानव घाटातून खाली कोसळतो त्या दोन पानांत मी या सगळ्यांना कामाला लावलं. भाचा चित्रांना जागा मागत होता. मी म्हटलं, चित्र कशाला? ऐकू येतंय ना?

अक्षरांनी त्याचा सूड घेतला. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. दोन ओळींत जरा अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतो. अंतर वाढवावं तर फुगा वाढतो. ‘कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणामुळे’ हे दोनच शब्द फुग्यात घातले आणि नायकाचं डोकं झाकलं गेलं. त्यातून माझा मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. तो युनिकोडमध्ये घेताना सगळे ‘र्‍या’ फुटले. ‘दुसऱ्या ताऱ्यावर’चं काय झालं ते लिहून दाखवणं शक्य नाही, पण भाचा म्हणाला, परग्रहावरच्या लोकांची भाषा म्हणून चालेल. चालवली.

छापखान्याच्या मालकांना मी म्हटलं, लगद्याचा कागद हवा. स्वस्त, खरखरीत, पिवळट. त्यांनी माझ्याकडे बँकेत खातं उघडायला आलेल्याकडे मी बघायचो तसं पाहिलं. “काका, तीनशे प्रतींना न्यूजप्रिंट कोण देणार? त्याचा रोल येतो. तुम्ही आपलं मॅपलिथो घ्या, सत्तर जीएसएम.” ऑफसेटला हजार प्रतींखाली प्लेटचा खर्च परवडत नाही, तीनशेला डिजिटलच बरं, असंही त्यांनी समजावलं. थोडक्यात, आज तुम्हाला स्वस्त दिसायचं असेल तर जास्त पैसे मोजावे लागतात. मी पिवळेपणाचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, “प्रती गच्चीत उन्हात ठेवा. मे महिना आहे.”

मुखपृष्ठावर वानर मोठा असावा याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. यालाही इतिहासाचा आधार आहे. १९५१ साली डीसी कॉमिक्सच्या ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या आठव्या अंकावर माणसाच्या मेंदूचा गोरिला झळकला आणि अंक धडाधड खपला. संपादक जूलियस श्वार्त्झ ही गोष्ट पुढे आवडीनं सांगत. मग तिथल्या प्रत्येक संपादकाला आपापल्या मुखपृष्ठावर गोरिला हवा झाला. शेवटी मालकांना फतवा काढावा लागला, की महिन्याला एकाच अंकावर गोरिला येईल. गोरिलांचं रेशनिंग! एवढ्या मोठ्या कंपनीला जे आवरेना ते आम्हाला कसं आवरेल? आमचा वानर मुखपृष्ठभर पसरला.

नावावरून शेवटची चकमक झाली. ‘वानर’ या शब्दाची एक जुनी फोड सांगतात: वा नर? म्हणजे, हा नर आहे की काय? शब्दातच प्रश्न भरलेला. माणूस की माकड, अशी शंका घेणारा नायक! मी खूश होऊन नाव दिलं ‘वा-नर’. छापखान्यात कुणाला ती चूक वाटली. मधली रेघ कुणीतरी उभी केली, तिच्याखाली टिंब दिलं आणि मुखपृष्ठावर ठळक लाल अक्षरांत छापून आलं, ‘वा! नर!’

नॉर्मल बीनची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

एका पुस्तक प्रदर्शनात आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. पहिल्या दिवशी तीन बायका आल्या. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि वधू-वर सूचक मंडळाची फी विचारली. एक गृहस्थ आतलं चित्र पाहून म्हणाले, “स्थळाचा फोटो जुना आहे का?” भाच्यानं टेबलावर पाटी लावली, ‘हे विज्ञान-चित्रकथेचे पुस्तक आहे’. त्यानंतर कुणीच आलं नाही. दोन दिवसांत सात प्रती गेल्या. त्यांतल्या तीन साडूंनी नेल्या.

मग हनुमान जयंती आली. सासूबाईंनी मला न विचारता पन्नास प्रती पिशवीत भरल्या आणि पहाटे कोपऱ्यावरच्या मारुतीला गेल्या. सूर्योदयाला जन्म झाला, सुंठवडा वाटला गेला आणि आठ वाजता त्या रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. पन्नासच्या पन्नास प्रती गेल्या होत्या. काही भजनी मंडळानं घेतल्या, काही मुलांनी हट्ट करून घ्यायला लावल्या. चारपाच प्रतींची पानं सुंठवड्याच्या पुड्या बांधायला उपयोगी पडली. त्याचेही पैसे सासूबाईंनी वसूल केले होते. नोटांना शेंदूर लागला होता.

संध्याकाळी मी देवळावरून गेलो. पायरीवर एक सातआठ वर्षांचा मुलगा माझा अंक उघडून बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तो चोविसाव्या पानावर होता, यंत्रमानव कोसळतो तिथे, आणि मोठ्यानं वाचत होता. बदकन. टाळकन. खळ्ळकन. धाडकन. प्रत्येक आवाजाला त्याची धाकटी बहीण टाळ्या पिटत होती. मी इतका हुरळलो की न राहवून विचारलं, “आवडलं का रे?”

“आवडलं. पण आजोबा, यानं शेपटीनं मारलं असतं तर कसला आवाज आला असता?”

घरी येऊन मी भाच्याला फोन केला. त्या आवाजावर आमची दोन तास चर्चा झाली. सपकन की सटाककन हे अजून ठरलेलं नाही, सासूबाईंचं मत सपकनला आहे. ज्यांना पहिला अंक हवा असेल त्यांनी लवकर कळवावं, पलंगाखाली ओल येते. दुसरा अंक पुढच्या हनुमान जयंतीला निघेल. त्यात शेपूट आहे. त्याचे पाच रुपये जास्त पडतील.